हर्राशीवाले अप्पा आणि कानाचं यंत्र

लातूरला आम्ही ज्या गल्लीत भाड्यानं राहायला गेलो, तिथं भाजीचा गाडा शिवलिंगअप्पांच्या दारासमोर सहसा थांबत नसे. थांबलाच, तर अप्पा ओट्यावरून उतरून यायचे, मेथीची एक जुडी उंच धरायचे आणि तिची हर्राशी पुकारायला लागायचे. "बोला, मेथी बोला. आत्ता रानातून आल्याली. पैली बोली कुणाची?" गल्लीतल्या बायका हसत दारात यायच्या. कुणीतरी गमतीनं अगदी पडेल भाव बोलायचं. अप्पांना तो ऐकू यायचा नाही, पण ओठ हललेले दिसायचे. तेवढ्यावर "एक वार, दोन वार, तीन वार" म्हणून ते जुडी त्या बाईच्या ओच्यात टाकून मोकळे व्हायचे. भाजीवाला निमूट पैसे घ्यायचा. अप्पांशी वाद घालायचा तर तो चौकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात घालावा लागे, आणि सकाळी सकाळी तेवढा दम कुणाच्यात असतो?

अप्पांचा उभा जन्म मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, गेला होता. एका आडत्याकडे ते हर्राशी पुकारायचे. तुरीच्या, उडदाच्या, सोयाबीनच्या ढिगापाशी उभं राहायचं, मूठभर दाणा वर धरायचा आणि भाव चढवत न्यायचा. आवाज असा, की मोंढ्याच्या फाटकाबाहेर चहा पीत बसलेला शेतकरी आपला ढीग कितीला गेला ते तिथूनच ऐकायचा. पण अप्पांना त्या आवाजाचं कौतुक नव्हतं. ते म्हणायचे, "मोंढ्यात समद्यालाच आवाज असतोय, बाई. कान कुणाला असतोय ते बघायचं. कोपऱ्यातला खरेदीदार मिशीतल्या मिशीत बोलला, तरी मला कळायचं."

नेमके ते कानच गेले. हळूहळू गेले, आणि एक दिवस कळलं की फारसे उरलेलेच नाहीत. आम्ही तिथं राहायला गेलो तेव्हा त्यांनी मोंढा सोडला होता. धोतर, पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. बोलताना डबीवर उजवा हात गेला, की समजायचं, आता जे सांगतायत ते अगदी खरं आहे.

मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. पन्नासेक पोरांना एका खोलीत गप्प बसवून बसवून माझा आवाज चांगलाच तयार झालेला. गल्लीत अप्पांपर्यंत पोचणारा तेवढा एकच आवाज. त्यामुळं गॅसवाला आला, मीटरवाला आला, पोस्टमन आला, की अप्पांची हाक ठरलेली. "बाई, ह्यो काय म्हणायलाय बघा जरा." पोस्टमन जे सांगायचा ते मी मोठ्यानं सांगायचे. ते नीट ऐकायचे आणि पोस्टमनकडं बघून म्हणायचे, "असं सांगावं. तोंडातल्या तोंडात काय बोलतोस?"

त्यांची बायको नीलव्वा. माहेर भालकीकडचं. घरात कानडी, दारात मराठी, आणि रागावल्या की दोन्ही एकदम. म्हणजे पूर्वी. मी त्यांना पाहिलं तेव्हा त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. गाठ निघाली, जीव वाचला, पण आवाज बसला तो बसलाच. बोलायच्या, पण नुसता वारा आल्यासारखं. त्यांच्या तोंडाशी कान नेला तरच कळायचं. शाळेत कधी गेलेल्या नव्हत्या, तेव्हा लिहून दाखवायचाही प्रश्न नव्हता.

घरात दोघंच. एकुलती मुलगी बिदरला दिलेली. एकाला ऐकू येत नाही आणि दुसरीला मोठ्यानं बोलता येत नाही. खुणांवर त्यांचं चालायचं. बोटं दाखवली की भाकरी किती ते कळायचं, तळवा उलटा केला की मीठ संपलं. अंगठा घराच्या मागच्या बाजूला गेला की नळाला पाणी आलं. पण खुणांनी फार तर संसार चालतो. "आज काय झालं माहितीय का" हे खुणेनं सांगता येत नाही. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसायचे. नीलव्वा काहीतरी पुटपुटायच्या, अप्पा त्यांच्या तोंडाकडं बघत राहायचे आणि थोड्या वेळानं दुसरीकडं बघायचे.

असं चाललेलं असताना एका मंगल कार्यालयात कानाच्या यंत्रांचं शिबिर लागलं. नांदेडच्या एका दुकानानं लावलेलं. अप्पा गेले, त्यांच्या कानात यंत्र घातलं, आणि म्हणे त्यांना बाहेरच्या रिक्षाचा हॉर्न ऐकू आला, भांडी घासण्याचा आवाज आला, शेजारी बसलेला माणूस खोकला तेही कळलं. पोस्टातून पैसे काढून त्यांनी यंत्र घेतलं. "पंधरा दिवसांनी तुमच्या मापाचं मिळेल," दुकानवाले म्हणाले. मिळालं. पेढ्याच्या डबीसारख्या डबीत ते यंत्र घेऊन अप्पा घरी आले, कानात घातलं, आणि ते शिट्टी मारायला लागलं.

कुकरच्या शिट्टीसारखी बारीक, लांब शिट्टी. ती समोरच्या घरात मला ऐकू यायची. शिट्टी थांबली की नुसती खरखर. अप्पा ते कानात घालून ओट्यावर बसायचे आणि रस्त्यावरची कुत्री कान टवकारून त्यांच्याकडं बघायची.

त्यांनी नांदेडला फेऱ्या मारल्या. एकदा मी सोबत गेले, कारण माझी बहीण तिकडंच असते. दुकानातला पोरगा मोठा नम्र होता. यंत्र फुंकून, पुसून, परत घालून म्हणाला, "आजोबा, सवय होईल."

"सव्वा?" अप्पा म्हणाले. "कशाचे सव्वा?"

"सवय. सवय होईल."

"सव्वाला मी कसं देऊ? आन् घ्यायला तर मी आलोय व्हय? मी वापस द्यायला आलोय."

दुकानातले लोक हसले. पोरगाही हसला. अप्पा हसले नाहीत. परतीच्या बसमध्ये लोह्यापर्यंत ते यंत्र हातात उलटसुलट करून बघत होते. मग त्यांच्या हिशेबानं हळू, म्हणजे सगळ्या बसला ऐकू येईल असं म्हणाले, "बाई, मोंढ्यात नमुना दाखवला एक आन् ढिगात माल निघाला दुसरा, तर सौदा मोडतोय. कुणाची बी हिंमत होत न्हाई, न्हाई म्हणायची. त्यांनी शिबिरात घातलं ते यंत्र येगळं, मला दिलं ते येगळं. मग ह्यो सौदा का मोडायचा न्हाई?"

मी म्हटलं, मोडता येईल. त्यासाठी ग्राहक आयोग असतो, तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही. बोलून गेले, आणि त्या दिवसापासून माझी सुटका नव्हती.

रविवारी सकाळी अप्पांनी सांगायचं आणि मी लिहायचं. "माझं म्हणणं असं हाय की" अशी त्यांची सुरुवात व्हायची आणि मग ते तुरीवर जायचे, एका निलंग्याच्या व्यापाऱ्यानं भिजलेली तूर कशी खपवली त्यावर जायचे. मी त्यातून कामाचं तेवढं उतरवून घ्यायचे. नीलव्वा चहा ठेवायच्या आणि दर वेळी माझ्या कानाशी येऊन त्यांच्या त्या वाऱ्याच्या आवाजात म्हणायच्या, "राहू द्या की बाई. म्हाताऱ्याला काय लागलंय कोर्ट." मी ते अप्पांना सांगत नसे.

शेवटी काय मागायचं तिथं मी नेहमीचं लिहिलं. यंत्राची रक्कम व्याजासह परत, मानसिक त्रासाबद्दल भरपाई, तक्रारीचा खर्च. अप्पांनी डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि सही केली.

आयोगाच्या कचेरीतले दिवस अप्पांनी एखाद्या कार्याला जावं तसे साजरे केले. तारखेला धुतलेलं धोतर, वर कोट. बरोबर नीलव्वा, त्यांच्या पिशवीत ज्वारीच्या भाकरी आणि शेंगाची चटणी. दुकानाचे वकील दर वेळी पुढची तारीख मागायचे आणि मिळायची. अप्पांना त्याचं काही वाटत नव्हतं. व्हरांड्यातल्या बाकावर बसून ते शेजारच्याला विचारायचे, "तुमचं काय?" तो बिचारा हळूच सांगायचा. मी अप्पांना सांगायचे, आणि अप्पा खात्री करून घ्यायचे, "फ्रिज? गार व्हईना? नवा हाय का? बायको काय म्हणती?" असं करत त्या व्हरांड्यात कुणाचं काय बिघडलंय ते सगळ्यांना ठाऊक झालं. फ्रिजवाला आणि शिलाई मशीनवाली बाई एकमेकांची विचारपूस करायला लागली.

पहिल्यांदा पुकारा झाला तेव्हा शिपायानं दारात येऊन म्हटलं, "अर्जदार शिवलिंगअप्पा. गैरअर्जदार..." तक्रार ज्याच्यावर असते त्याला तिथं गैरअर्जदार म्हणतात. अप्पांना तेवढंच 'गैर' ऐकू आलं. ते ताडकन उभे राहिले आणि म्हणाले, "गैरहजर कोण म्हणतंय? हजर हाय मी. सकाळच्यापासून हाय." आतून अध्यक्षांनी मान वर करून पाहिलं. त्या दिवसापासून ते अप्पांना ओळखायला लागले.

मग एका तारखेला, पुकारा व्हायच्या आधी, दुकानाचे वकील व्हरांड्यात आले. भला माणूस होता. म्हणाले, "बाई, आमचे पक्षकार सगळी रक्कम परत द्यायला तयार आहेत. वर खर्चही देतील. आजोबांना म्हणावं, तक्रार मागं घ्या. आजच्या आज मिटवू."

मला हायसं वाटलं. माझ्या रजा संपत आल्या होत्या. मी अप्पांना ओरडून सांगितलं, सगळे पैसे देतायत, जिंकलात तुम्ही.

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. "पैशे?"

"सगळे. वर खर्च."

"पैशे घेऊन काय करू, बाई?"

"दुसरं यंत्र घ्या."

"आन् ते बी असलंच निघालं तर? मग परत कोर्ट? त्यांनी शिबिरात जे घातलं ना माझ्या कानात, त्यात मला ऐकू आलंतं. ते हाय त्यांच्यापाशी. ते द्या म्हणावं."

वकील म्हणाले, "आजोबा, एवढ्यावर कुणी अडत नाही."

मी ते अप्पांना सांगितलं नाही, पण त्यांनी वकिलांच्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं. त्यांचा हात गळ्यातल्या डबीवर गेला. बाकाच्या टोकाला नीलव्वा पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्यांच्याकडं त्यांनी बोट दाखवलं. "ही बोलती. रोज बोलती. काय बोलती मला मालूम न्हाई. ऑपरेशन झाल्यापासनं हिचा एक शब्द माझ्यापर्यंत आला न्हाई. त्याच्यासाठी घेतलंतं मी यंत्र. रिक्षाचा भोंगा ऐकायला न्हाई घेतलं."

सगळा व्हरांडा ऐकत होता. ऐकण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. नीलव्वांनी पदर तोंडावर ओढून घेतला. मला माझ्या 'व्याजासह परत'ची लाज वाटली. इतके रविवार त्या घरात बसून लिहिलं आणि हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

आत गेल्यावर वकिलांनी तडजोडीची गोष्ट सांगितली आणि अर्जदाराची ना आहे म्हणाले. यंत्रात दोष नाही, वयोमानानं श्रवणशक्तीच कमी आहे, अर्जदारांना ते नीट वापरता येत नाही, असंही म्हणाले. अध्यक्षांच्या डावीकडं एक सदस्या बसायच्या. त्या म्हणाल्या, "यंत्र आणलंय का? घाला बघू."

अप्पांनी घातलं. शिट्टी झाली. टंकलेखन करणारी मुलगी थांबली. शिपायानं दारातून आत पाहिलं. सदस्या शांतपणे, रोजच्या आवाजात म्हणाल्या, "आजोबा, तुम्हाला किती मुलं?"

अप्पांनी विचार केला आणि आदरानं म्हणाले, "तूर. जास्ती करून तूरच."

कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग मला विचारलं, यांचं म्हणणं काय आहे ते नीट सांगा. मी सांगणार तोच अप्पा उभे राहिले. मोंढ्यात ढिगापाशी उभे राहत असतील तसे, पाय रोवून. "साहेब, माझं एवढंच म्हणणं हाय. ही माझी बायको. हिच्या गळ्याचं ऑपरेशन झालंय. ही बोलल्यालं मला ऐकू आलं पायजे. असं यंत्र त्यांनी द्यावं. देता येत नसंल, तर न्हाई येत असं लिहून द्यावं. मग मी गप बसतो."

हुकूम लगेच झाला नाही. पण झाला तो अप्पांच्या शब्दांपासून फार लांब नव्हता. सरकारी दवाखान्यात अप्पांचे कान तपासून घ्यावेत, तिथल्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली गैरअर्जदारानं योग्य ते यंत्र त्याच किमतीत बसवून द्यावं, आणि यंत्राचा उपयोग होतो की नाही याची खात्री अर्जदाराच्या पत्नीच्या उपस्थितीत करावी. दुकानानं वाद वाढवला नाही. मालक स्वतः आले.

दवाखान्यातल्या त्या खोलीत भिंतींना गाद्यांसारखं काहीतरी लावलेलं होतं. अप्पा खुर्चीवर, मालक उभे, मी दाराशी. यंत्र तपासणाऱ्या मॅडम तरुण होत्या. त्यांनी संगणकावर काहीतरी जुळवलं, पुन्हा जुळवलं, अप्पांच्या कानात यंत्र बसवलं. शिट्टी नाही. मग नीलव्वांना अप्पांच्या मागं, थोड्या अंतरावर बसवलं, म्हणजे ओठ दिसायला नकोत. "आजी, काहीतरी बोला," म्हणाल्या.

नीलव्वा लाजल्या. काय बोलणार? आम्ही सगळे बघत होतो. त्यांनी पदर सारखा केला आणि काहीतरी म्हटलं. मला काही ऐकू आलं नाही. मॅडमनाही नाही. त्यांनी प्रश्नार्थक माझ्याकडं पाहिलं.

अप्पा खाली मान घालून आपल्या सदऱ्याकडं बघायला लागले. मग त्यांनी गळ्याखालची गुंडी काढली, ती एक घर वर चढवून लावली, तिच्या खालची काढली, तीही लावली. शेवटपर्यंत. सदरा सरळ झाल्यावर हात मांडीवर ठेवले आणि समोरच्या भिंतीकडं बघत बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"काय म्हणाल्या?" मॅडमनी मला विचारलं.

मी म्हटलं, "गुंडी वरखाली झालीय म्हणाल्या असतील."

त्यानंतरचा काळ अप्पांना फार जड गेला, असं तेच सांगायचे. इतक्या वर्षांचं सगळं नीलव्वांकडं साठलेलं होतं आणि त्यांनी एकही गोष्ट सोडली नाही. मुलीच्या लग्नात अप्पांच्या बहिणीनं काय म्हटलं होतं. ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात अप्पा कसे घोरत होते. समोरचं लिंबाचं झाड त्यांनी कुणाला विचारून छाटलं. अप्पा सकाळी ओट्यावर येऊन मला सांगायचे, "लई बोलती हो. मला वाटायचं, ही गप बसल्याली हाय. ही तर शिव्या द्यायलीती." आणि आतून काहीतरी ऐकू आल्यासारखं वळून, "आलो, आलो," म्हणत आत जायचे. आम्हाला कुणालाच आत काही ऐकू आलेलं नसायचं. गाड्यावरच्या भाजीची हर्राशीही हळूहळू बंद झाली. नीलव्वांनी सांगितलं होतं, बरं दिसत नाही.

पुढं माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही नांदेडला आलो. सणासुदीला फोन व्हायचा. फोनवर अप्पा बोलायचे आणि मध्येच म्हणायचे, "थांबा, ही काय म्हणती ते सांगतो," आणि सांगायचे. मग एकदा त्यांचा फोन आला तो नांदेडहूनच. नीलव्वांना छातीचा त्रास म्हणून इथल्या दवाखान्यात आणलं होतं. मुलगी बिदरहून आली होती. त्याच आठवड्यात नीलव्वा गेल्या. अंत्यविधी लातूरला झाला. त्या दिवशी शाळेत तपासणी होती, मला जाता आलं नाही. मुलगी अप्पांना आपल्याकडं घेऊन गेली. मी बिदरला जाऊ म्हणत राहिले, झालं नाही. तेव्हा मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दवाखान्यातच, नीलव्वा असताना.

शाळा सुटल्यावर मी डबा घेऊन गेले होते. दुसऱ्या मजल्यावर लांबलचक वॉर्ड, दोन्ही बाजूंनी खाटा. नीलव्वा उशीला टेकून बसल्या होत्या, फार बारीक झालेल्या. अप्पा स्टुलावर, कॉटच्या अगदी जवळ. मी थोडा वेळ बसले. नीलव्वांनी माझा हात हातात घेतला, काहीतरी म्हणाल्या. मी वाकायच्या आतच अप्पांनी सांगितलं, "म्हणती, बाई वाळल्यात." आजूबाजूच्या खाटांवरचे लोक माझ्याकडं बघून हसले. निघताना अप्पा दारापर्यंत आले नाहीत. मी खूण केली, बसा, बसा.

जिन्यापाशी पोचले तरी त्यांचा आवाज येत होता. एक नर्स औषधांचा ट्रे घेऊन वर येत होती, ती मला म्हणाली, "दिवसभर असंच चालतं. आजींचं आम्हाला काहीच ऐकू येत नाही. पण आजोबांमुळं सगळं कळतं." मी कठड्याला धरून एक पायरी उतरले आणि थांबले.

"हां... हां," अप्पा म्हणत होते. "म्हैस न्हवती ती, गाय व्हती."

थोडा वेळ काही नाही.

"बरं, म्हैस. म्हैसच व्हती."

पुन्हा काही नाही. कुणीतरी खाट सरकवली.

"गेल्या त्या. आमटी दिलीय डब्यात. बरी असंल. तुझ्यावाणी न्हाई करत त्या."

मला हसू आलं. मी आणखी दोन पायऱ्या उतरले. वर बराच वेळ शांतता होती, इतकी की मला वाटलं त्या झोपल्या. मग अप्पांचा आवाज आला. मोंढ्यातला नव्हे, त्यातल्या त्यात हळू, पण जिन्यापर्यंत स्पष्ट पोचणारा.

"दमलीस का? दमानं सांग की. मी कुठं चाललोय? ऐकायलोय."